नववी गोधडी

पाटणकर वहिनी दर खेपेला तेच विचारतात:
"एवढ्या शिवतेस, ठेवतेस तरी कुठे?"
जसं काही मी मांजरं पाळते.

ठेवत नाही.
कपाटात एकही नाही माझ्या, उघडून बघा.
शिवताना कुणी मनात नसतं,
नुसता धावदोरा, एकामागे एक, मुंग्यांसारखा.
शेवटचा टाका पडला, दोरा दातानं तोडला,
की मांडीला एकदम गार लागतं
आणि मग माणूस आठवतो.

पहिली देवासला गेली, नणंदेकडे.
तिसरी बिजली ऑफिसातल्या व्यासजींना, रिटायरमेंटला.
ते उलगडून बघत म्हणाले, "मॅडम, ये तो पूरा ऑफिस है!"
होतंच. बावीस वर्षांच्या माझ्या साड्या,
सोमवारची पिवळी, ऑडिटची करडी,
आणि बदलीची ऑर्डर आली त्या दिवशीची,
जिच्यावर शाई सांडली होती. शाईसकट घातली.

चौथीत पाटणकरांच्या जुन्या पडद्याचा तुकडा आहे.
हे पाटणकरांना ठाऊक नाही.

सहावी दिली बंद मिलच्या फाटकाशी बसणाऱ्या चौकीदाराला.
अस्तर त्याच मिलचं होतं, नवऱ्याला बोनसात मिळालेलं.
सांगितलं नव्हतं मी. पण त्यानं गोधडी उलटी केली,
अस्तर नाकाशी नेलं
आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

सातवी परत आली.
परत आलेलीचं काय करतात? उसवतात.
ती आठवीच्या पोटात आहे.

नववी आसावरीला, भाचीला, लग्नात.
निळी. चार महिने लागले, चष्म्याचा नंबर वाढला.
मधल्या थरात दादांचं धोतर,
बाहेरून दिसू नये असं.
तिनं फोटो काढला, मिठी मारली,
गोधडी स्कीम अठ्ठ्याहत्तरमध्ये गेली, तिसऱ्या मजल्यावर.

पुढच्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन गेले तर
बिल्डिंगखाली, कडुनिंबाच्या सावलीत,
घीसालालच्या इस्त्रीच्या टेबलावर
माझा टाका.
डोळे मिटून ओळखला असता. कोपऱ्यावर मी
एक टाका नेहमी उलटा घालते.
चारी बाजूंनी खिळे मारलेले.
मधोमध इस्त्रीच्या आकाराचा डाग, होडीसारखा,
आणि निळं जळून गेलं तिथून
दादांचं धोतर बाहेर बघत होतं.

वर गेले. चकल्या दिल्या. चहा घेतला.
आसावरी म्हणाली, "मावशी, गोधडी काय उबदार आहे गं!"
म्हटलं, हो.
आत्ताच पाहिलं.
ती साखर आणायला उठली.

तेव्हापासून दर गुरुवारी
मॅजिकमध्ये बसते, दोनदा बदलते,
एक साडी नेते पिशवीतून, घडी न मोडलेली.
घीसालाल म्हणतो, "अम्मा, इसमें तो सल ही नहीं है।"
मी म्हणते, तरी फिरव.
तो निखारे हलवतो, पाणी शिंपडतो,
वाफ उठते,
आणि वाफेला क्षणभर
दादांच्या अंघोळीनंतरचा वास येतो.
येत नसेलही.

अख्खी बिल्डिंग तिच्यावरून जाते:
शाळेचे गणवेश, बँकवाल्याचे सहा पांढरे शर्ट,
कुणाच्या तरी तेराव्याचा कुर्ता,
आसावरीचे दुपट्टे.
देवासची पहिली तर ट्रंकेत आहे,
डांबराच्या गोळ्यांसोबत, अजून घडीत.
नणंद म्हणते, किती जपलीय बघ.

घीसालालला एकदा विचारलं, कुठून आणलीस?
"तीन नंबर वाली दीदी ने दी।
बाकी तो साल भर में जल जाती हैं, अम्मा,
ये जलती है, पर पतली नहीं पड़ती।"
एवढं कुणीच बोललं नव्हतं आजवर
माझ्या कामाबद्दल.
साडीचे दहा रुपये दिले. वीस दिले.

सध्या दहावी चालू आहे.
जाड घेतलीय, सुती, रंग जाणारा एकही तुकडा नाही,
मधे ब्लँकेटचा दुहेरी थर.
पाटणकर वहिनी चष्मा वर करून बघतात.
"पाय उघडे राहतील गं. भलतीच आखूड होतेय."

होऊ दे.
माप घेऊन आलेय मी.